वहीतले आकडे

पत्र : ताई, मी ६३ वर्षांची, ठाण्यात नौपाड्यात राहते. इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर छातीत पाणी झालं म्हणून ॲडमिट केलं. हार्टचं पंपिंग ३० टक्के निघालं. घरी सोडताना सांगितलं, रोज वजन करून वहीत लिहा, मीठ कमी, पाणी मोजून, सकाळी पाण्याची गोळी. पुण्याची लेक दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो मागते. खरं सांगते, वजन मी महिन्यातून दोनदा करते. बाकीचे आकडे शनिवारी रात्री मनाने लिहिते, थोडे खालीवर करून. पाण्याची गोळीही मंगळवारी, गुरुवारी, शुक्रवारी घेत नाही. दोन दिवस सकाळी नातवाला क्लासला न्यायचं असतं आणि गुरुवारी डोंबिवलीला भजनाला जाते. तिथे पेटी मीच वाजवते. गोळी घेतली की सारखं जावं लागतं, लोकलमध्ये काय करू? मागच्या महिन्यात धाप वाढली. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित घेता ना? मी हो म्हटलं. त्यांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या. आता घेतलेल्या दिवशी उठताना चक्कर येते. जिन्याने गुडघे धरतात, त्याला केमिस्टकडची गोळी घेते, तेवढीच. लेकीला सांगितलं तर भजन बंद करतील. फार अपराधी वाटतं.

उत्तर :

प्रिय ताई,

अपराधी वाटण्याचं नंतर बघू. हे वाचून झालं की आधी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावा. उद्यावर टाकू नका. आडवं पडल्यावर दम लागत असेल, उशा वाढवाव्या लागत असतील किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, तर फोनचीही वाट पाहू नका. मुलाला हाक मारा, १०८ ला फोन करा.

तुम्ही शेवटी 'तेवढीच' म्हणून जिचा उल्लेख केलात, त्या गुडघ्याच्या गोळीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, पाण्याच्या गोळीचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे तुमच्यासारखं हृदयाचं पंपिंग कमी पडणाऱ्या माणसाने त्या टाळायच्या असतात, पण काउंटरवरून गोळी देताना केमिस्ट तुमचं पंपिंग थोडंच विचारतो! ती स्ट्रिप पर्समध्ये टाका आणि डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यांसाठी दुसरं काहीतरी ते नक्की देतील. तोवर ती गोळी बंद.

आता डोसबद्दल. तुमची धाप का वाढली असेल? आठवड्यातले तीन दिवस गोळी पोटात जात नव्हती आणि गुडघ्याची गोळी पाणी धरत होती, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. रोज एक गोळी घेऊनही भागत नाही असं समजून, तुमच्या 'हो'वर विसंबून त्यांनी दोन केल्या. म्हणून आता चार दिवस दुप्पट आणि तीन दिवस काहीच नाही. ज्या दिवशी घेता त्या दिवशी पाणी झपकन उतरतं आणि रक्तदाब खाली येत असणार. बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावरून उतरताना ती चक्कर आली तर? आणि घाबरून उद्यापासून सातही दिवस दोन-दोन घ्यायला लागाल, तर तेही धोक्याचंच. सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंड, सगळंच बिघडू शकतं. किती घ्यायच्या ते खरं कळल्यावर डॉक्टरांनाच ठरवू दे. बहुधा ते आधी रक्त तपासतील.

समोर बसून बोलायला जीभ रेटणार नाही हे मी समजू शकते. मग चिठ्ठी लिहा. 'पाण्याची गोळी आठवड्यातून चारच दिवस घेते. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार बाहेर जायचं असतं म्हणून घेत नाही. वहीतली वजनं खरी नाहीत. गुडघ्यासाठी ही गोळी घेते.' चार ओळी. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या हातात द्या.

आणि त्याच चिठ्ठीत पाचवी ओळ लिहा : 'बाहेर जायच्या दिवशी गोळीची वेळ बदलता येईल का?' हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही याचं मला वाईट वाटतं. फ्युरोसेमाइडसारखी पाण्याची गोळी साधारण तासाभरात काम सुरू करते, पहिल्या दोनेक तासांत तिचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सहा-आठ तासांत तो ओसरतो. सकाळची वेळ सांगतात ती मुख्यतः रात्री झोपमोड होऊ नये म्हणून. तब्येत स्थिर असेल तर बाहेर जायच्या दिवशी घरी परतल्यावर, दुपारी घ्यायला कितीतरी डॉक्टर परवानगी देतात. तुमची गोळी कुठली, तुम्हाला चालेल का, हे तेच सांगतील. पण विचारायला हवं.

लोकलचं तुमचं कारण मला अजिबात सबब वाटत नाही. डब्यात संडास नाही, स्टेशनवरचा गाठेपर्यंत जीव जातो आणि गाठला तरी आत पाऊल टाकवेल याची खात्री नाही. मुंबईत बायकांना 'राइट टू पी' म्हणून चळवळ उभारावी लागली ती याच जाचातून. प्रवासाच्या दिवशी पाणी न पिणाऱ्या बायका आपल्या प्रत्येकीच्या घरात आहेत. 'सकाळी पाण्याची गोळी' असं लिहून देताना, ही बाई सकाळी कुठे जाते, हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

वजनाच्या बाबतीतही तुम्ही एकट्या नाही. २०१३ साली १५ देशांतल्या जवळपास ६,००० हार्ट फेल्युअर रुग्णांच्या सवयींची तुलना प्रसिद्ध झाली. गोळ्या घेतो असं बहुतेकांनी सांगितलं, पण रुग्णांच्या २२ गटांपैकी १६ गटांत नियमित वजन करणारे निम्म्याहूनही कमी होते. मला वाटतं, वजन का करायचं हेच नीट सांगितलं जात नाही. तुम्हाला आहाराची शिस्त लावायला तो काटा आणलेला नाही. एक लिटर पाणी शरीरात साठलं की काटा एक किलो वर जातो आणि पायावर सूज दिसायच्या, धाप लागायच्या कितीतरी आधी हे कळू शकतं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर डॉक्टरांना कळवायचं. गेल्या वर्षी छातीत पाणी भरलं, ते काट्याने बहुधा काही दिवस आधी सांगितलं असतं. मनाने लिहिलेल्या आकड्यांत ती वाढ कधीच दिसणार नाही, कारण तुम्ही ते सरळ दिसावेत म्हणूनच लिहिता. काटा मोरीच्या दाराशी फरशीवर ठेवा. उठल्यावर लघवीला जाऊन आलं की चहाच्या आधी, रोज साधारण तशाच कपड्यांत उभं राहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मिठाचं तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणून एवढंच, की भाजीतलं मीठ कमी करून ताटात लोणचं-पापड आणि चहाबरोबर खारी राहिली तर उपयोग नाही. आणि 'लो सोडियम' मीठ मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, तुमच्या इतर गोळ्यांबरोबर ते महागात पडू शकतं.

आता लेकीबद्दल. ताई, माझी आई गेल्यावर तिच्या गादीखाली गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. मी रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, 'गोळी घेतलीस ना?' त्या 'ना'ला 'हो'शिवाय दुसरं उत्तरच नसतं, हे मला फार उशिरा कळलं. 'आज कुठली गोळी राहिली?' असं विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं मला अजून वाटतं. तुमच्या डॉक्टरांच्या प्रश्नातही तोच 'ना' होता.

म्हणून येत्या रविवारी फोटो पाठवायच्या आधी लेकीला फोन करा. 'आतापर्यंतचे आकडे मी मनाने लिहीत होते. डॉक्टरांना सांगितलंय. आजपासून खरे पाठवीन, पण एखाद्या दिवशी वजन राहिलं तर ती जागा कोरी असेल. कोरी जागा बघून रागावू नकोस, का राहिलं ते विचार.' ती पहिल्यांदा दुखावेल, कदाचित रडेल. त्या रडण्यात भीती जास्त असेल, राग कमी. तिला हे उत्तर वाचायला दिलंत तरी माझी हरकत नाही.

भजन बंद करायचं कारण मला कुठे दिसत नाही. तब्येत स्थिर असताना चालणं-फिरणं हाही या आजारातल्या सल्ल्याचाच भाग असतो आणि गुरुवार तर तुमच्या आठवड्यातला एकमेव स्वतःचा दिवस दिसतो. फक्त हा गुरुवार सोडा. चक्कर येत असताना जिना आणि लोकल दोन्ही नको. डॉक्टरांनी डोस आणि वेळ नक्की करून दिली की पुढच्या गुरुवारचं त्यांनाच विचारा. नातवाच्या क्लासचं मात्र मुलाला आणि सुनेला स्पष्ट सांगा, की या आठवड्यात मंगळवार, शुक्रवार तुम्ही बघा.