लेकीनं संस्कृतीत गरबा लिहिला, म्हणून रडायचं?

टोरंटोच्या ताई, तुम्ही लिहिता : "लेकीला शाळेत समाजशास्त्र आहे. 'माझी संस्कृती' या निबंधात तिनं गरबा आणि सेव-उसळ लिहिली. पुण्याच्या सासूबाई म्हणाल्या, ही कसली मराठी? मला रडूच कोसळलं."

तुमचा जीव का तुटतो ते कळतं. परमुलखात आपण सगळेच या धास्तीत असतो. पण ताई, तुमच्यासारख्या बडोद्याच्या माहेरवाशिणीनं या बोलण्यावर रडावं?

संस्कृती रक्तातून येत नाही, ती शिकावी लागते. घरात, शेजारात, शाळेत मूल रोज जे बघतं ते उचलतं. त्यालाच सामाजिकीकरण म्हणतात. आपली बडोद्याची मराठी माणसं अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग गुजरातेत आली नि तिथलीच झाली. बडोद्याच्या दांडिया बाजारातली माझी आजी भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करायची आणि त्याच दमात आम्हाला मराठीत दटावायची, "चपला बाहेर!" नवरात्रात घरी घट बसायचे, रात्री ती आम्हाला घेऊन गरब्याला जायची. तिच्या मराठीपणावर कुणी बोट ठेवलं नाही. सेव-उसळीतली उसळ तरी कुठून आली?

आपल्या गटाच्या फूटपट्टीनं इतरांना मोजायची खोड माणसाला जुनीच. विल्यम समनर या अमेरिकन अभ्यासकानं १९०६ सालीच त्यावर लिहून ठेवलंय. सासूबाई तेच करतात. पण तुम्हीही पुढे लिहिता, "इथल्या मुलांना संस्कारच नाहीत." ताई, हे काय वेगळं झालं? त्या मुलांनाही त्यांच्या घरी काहीतरी शिकवलेलं असतंच की!

लेकीचा निबंध खोडू नका, वाढवा. घरात कुणी न सांगता काय काय पाळलं जातं ते तिला टिपू दे. त्यातलं काय मोडलं तर नुसती नाकं मुरडतात आणि काय मोडलं तर घर पेटतं, तेही लिहू दे. रीत आणि नीती यांतला फरक तिला तिथेच सापडेल. आजीला फोन करून तिनंच विचारावं, तुमच्या लहानपणी काय होतं? आणि हेही तिला सांगा : समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५१ साली आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तिच्या याच विषयाचा, समाजशास्त्राचा विभाग उभा केला.

शनिवारच्या मराठी वर्गाचं विचारलंत, चालू ठेवा. दिवाळीला भारतात जायचं की नाही, ते तुम्ही नवराबायको ठरवा.