अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढते. आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पुढचे दोन टायर नवीन टाकले, अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) दोनदा झाली, तरी हायवेला स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी डावीकडे जाते. आणि टायरवाला म्हणतोय, "अजून एकदा करून बघू." अजिबात करू नका. तो मशीनचा हप्ता फेडतोय, तुमच्या पैशांनी.

अलाइनमेंटचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, त्याला कारण आमचे साडू. आमची गाडी पावसाळाभर पाचगणीत उघड्यावर उभी होती आणि नंतर डावीकडे ओढायला लागली. साडूंनी घरात बसूनच निदान केलं, "टो गेलाय. अलाइनमेंट मार." (टो म्हणजे वरून बघितलं तर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते.) मारली. कागदावर सगळे आकडे हिरवे आले, गाडी ओढायची ती ओढतच राहिली. साडू म्हणाले, मशीन बरोबर नसेल, दुसरीकडे कर.

दिवाळीत सगळे मिळून पसरणी घाटाने वाईला उतरत होतो. निम्म्या घाटात जळका वास. साडू मागून म्हणतात, "क्लच जळतोय." उतारावर, क्लच! गाडी बाजूला घेतली आणि बाटलीतलं चार थेंब पाणी पुढच्या दोन्ही रिमवर टाकलं. उजवीकडे नुसतं ओघळलं. डावीकडे चर्र करून उडालं. साडू म्हणाले, "घाटात ब्रेक तापणारच." मी म्हटलं, मग उजवा का नाही तापला? यावर त्यांना एकदम फोन आला.

वाईतल्या मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली आणि डावं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेराही होईना. मग त्याने कॅलिपरचा (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइलचा दाब सोडायचा छोटा स्क्रू, थोडा सैल केला. निपल सोडल्यावर चाक मोकळं झालं, तर दोष ब्रेकच्या रबरी होजमध्ये: तो आतून फुगतो, दाब अडकून राहतो. आमचं चाक निपल सोडूनही जाम. म्हणजे कॅलिपरच. उघडला तर पिस्टनवरचं रबरी बूट फाटलेलं, पावसाचं पाणी आत जाऊन पिस्टन गंजलेला. ब्रेक सोडला तरी पिस्टन मागे येत नव्हता. आतल्या पॅडचं नुसतं पत्रं उरलं होतं, बाहेरचा बऱ्यापैकी जाड. नवा पिस्टन, सील किट, पॅडचा सेट, आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. (साधं ग्रीस लावू देऊ नका, ब्रेकचं रबर फुगतं.) गाडी सरळ. साडूंचं म्हणणं आजही असं की आधी अलाइनमेंट केली होती म्हणून ती सरळ चालली!

पुढच्या चाकांच्या टोमुळे गाडी सहसा ओढत नाही. टो बिघडला की टायर खातो, स्टिअरिंग वाकडं राहतं, पण गाडी सरळ जाते. ओढते ती कॅम्बर (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) किंवा कॅस्टरमध्ये (बाजूने बघता चाक ज्यावर वळतं त्या आसाचा पुढे-मागे कल) डाव्या-उजव्याचा फरक पडला की. आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे सेट करता येतो तो फक्त टो. कॅम्बर लाल दिसत असेल तर बहुतेक खड्ड्यात चाकाला धरणारा लोअर आर्म नाहीतर स्ट्रट वाकलाय, मशीनवाला तो कागदावर सरळ करू शकत नाही. म्हणून कागद मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे बघा.

तुमच्या बाबतीत मला संशय नव्या टायरचाच आहे. रेडियल टायरच्या आतला पट्टा बनवताना किंचित एका बाजूला सरकला असेल, तर टायर भेळेच्या पुड्यासारखा वळत जातो. वरून काही दिसत नाही, बॅलन्सिंगमध्येही कळत नाही. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी अदलाबदल करा. ओढ उजवीकडे गेली किंवा गायब झाली, तर टायर. दुकानात जाऊन भांडा, वॉरंटीत बदलून मागा. काहीच फरक नाही, तर टायर सोडा आणि हायवेवरून आल्यावर दोन्ही रिमजवळ हात धरून बघा; एकच जास्त तापलेलं असेल तर आमच्यासारखा ब्रेक अडकतोय. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अशी अदलाबदल चालत नाही. मग पुढची चाकं त्याच बाजूला मागे टाकून बघा.

ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर हिशोब उलटा. डावीकडे ओढली, तर बहुतेक उजवा ब्रेक धरत नाहीये.

हो, हवा थंड टायरमध्ये मोजा, कमी हवेच्या बाजूला गाडी जातेच. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला साधारण 2 ते 2.5 टक्के उतार असतो, आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे थोडीशी डावी ओढ ही रस्त्याची असते. मोकळ्या, सपाट जागेत हळू वेगात तपासा. हायवेवर हात सोडून प्रयोग नकोत.

अदलाबदल केल्यावर काय झालं ते इथे नक्की लिहा. टायर निघाला तर उत्तराचा स्क्रीनशॉट मला फॅमिली ग्रुपवर टाकायचाय.