विमानाच्या इंधनासाठी पेंढा देताना: ओलावा, राख आणि टनाचा हिशेब

प्रश्न : भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड बायोरिफायनरीला (काडापासून इंधन बनवणाऱ्या कारखान्याला) दिले, तर टनामागे विमानाचे इंधन किती निघते? गाठींच्या वजनात कपात का होते? सगळे काड उचलावे का? छोटे संयंत्र आपणच टाकता येईल का?

उत्तर : आधी टन कोणता ते ठरवा. रिफायनरी कोरडा टन मोजते. 30 टक्के ओलाव्याच्या 10 टन गाठी म्हणजे 7 टन माल आणि 3 टन पाणी.

इथेनॉलच्या मार्गात पेंढा बारीक करून सौम्य आम्ल आणि वाफेत 150 ते 190 अंश सेल्सिअसला शिजवतात. जास्त शिजला की साखरेचे फरफ्युरल नावाचे घातक रसायन होते आणि यीस्ट मंदावते. मग 50 अंशांच्या आसपास विकरे (एन्झाइम) साखर सुटी करतात आणि यीस्ट ती आंबवते. कोरड्या टनामागे 200 ते 300 लिटर इथेनॉल मिळते. त्यातले पाणी काढले की इथिलीन, इथिलीनचे रेणू जोडले की लांब साखळ्या, त्यांना हायड्रोजन दिला आणि ऊर्ध्वपातन केले की इंधन. 46 किलो इथेनॉलपासून फार तर 28 किलो इथिलीन होते, बाकी 18 किलो पाणी. म्हणून 250 लिटर इथेनॉलचे जेमतेम 150 लिटर द्रव इंधन, आणि त्यातलेही थोडे डिझेल आणि नाफ्थ्यात (पेट्रोलसारख्या हलक्या तेलात) जाते. या मार्गाने टनाला 300 लिटर इंधन निघते असे कोणी सांगत असेल, तर तो इथेनॉलचाच आकडा सांगतो आहे.

कपातीचे पहिले कारण ओलावा. गाठ बांधताना तो 15 टक्क्यांच्या आत हवा. 20 च्या वर बुरशी येते आणि गंजी आतून तापते. वरचा पेंढा चुरचुरतो म्हणून फसू नका, नमुना गाठीच्या गाभ्यातून काढा. चार-पाच गाठींचा मिळून 100 ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये 105 अंशांवर, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा. 82 ग्रॅम उरले तर ओलावा 18 टक्के. काट्यावर वाद घालण्यापेक्षा हा आकडा वहीत तारखेसह असलेला बरा. गंजीत पोकळ सळई खुपसून आत तापमापक सोडा: 55 अंश दिसले तर रोज तपासा, 65 च्या वर गेले तर पाणी हाताशी ठेवून गंजी मोकळी करा. 80 च्या पुढे गेलेली गंजी स्वतः फोडू नका. हवा लागताच ती भडकते. अग्निशमन दलाला बोलवा.

दुसरे कारण राख, आणि ती शेतातच वाढते. भाताच्या पेंढ्यात मुळात 15 ते 20 टक्के राख, बहुतेक सिलिका. ती चॉपरची (पेंढा कापणाऱ्या यंत्राची) पाती आणि माल पुढे ढकलणारा स्क्रू झिजवते. त्यात बेलरचा (गाठी बांधणाऱ्या यंत्राचा) पिकअप, म्हणजे काड उचलणारा भाग, खाली लावला किंवा रेकने (काड ओढून रांगेत लावणाऱ्या अवजाराने) माती ओढली की गाठीत खडेही येतात. पिकअपचे दाते जमिनीला घासणार नाहीत एवढ्या उंचीवर ठेवा. प्लॅस्टिकची सुतळी गाठीत राहू देऊ नका.

गॅसिफिकेशनच्या, म्हणजे पेंढ्याचा वायू करून त्यापासून इंधन बनवणाऱ्या, संयंत्रात पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त त्रास देतात. राख वितळून खडे बनते, नळ्या गंजतात. कापून पसरलेल्या काडावर एखादा पाऊस पडून ते पुन्हा खडखडीत वाळले, तर हे क्षार बरेच धुऊन जातात. भिजलेला माल म्हणून तो सरसकट बाद करू नये, असे आमचे मत.

सगळे काड मात्र देऊ नका. भाताच्या एक टन पेंढ्याबरोबर 5 ते 8 किलो नत्र आणि 12 ते 17 किलो पोटॅशियम शेताबाहेर जाते. उताराच्या आणि हलक्या जमिनीत काड राहू द्या. जिथून उचलता तिथे पोटॅशची भरपाई खताच्या हिशेबात धरा.

छोट्या संयंत्राचा विचार सोडा. पायरोलिसिसच्या (हवेशिवाय तापवण्याच्या) भट्टीतून निघणारे काळे तेल आम्लधर्मी असते, त्यात 15 ते 30 टक्के पाणी असते. ते विमानाचे इंधन नव्हे. विमानाचे नेहमीचे इंधन जेट ए-1 उणे 47 अंशांपर्यंत गोठता कामा नये. पेंढ्यापासूनचे इंधन एएसटीएम डी7566 या मानकाप्रमाणे तपासून, जास्तीत जास्त 50 टक्क्यांपर्यंत खनिज इंधनात मिसळले जाते. यंत्र विकणाऱ्याकडे त्या तपासणीचा अहवाल मागा.

शेत, पीक, कापणीची तारीख आणि गाठींचे वजन यांची नोंद ठेवा. आंतरराष्ट्रीय विमानसेवेच्या कोर्सिया (कार्बन उत्सर्जनाच्या भरपाईच्या) नियमांत 1 जानेवारी 2008 नंतर जंगल किंवा पाणथळ मोडून केलेल्या जमिनीवरचा माल चालत नाही, आणि तपासणीत हे कागद विचारले जातात.