रॅटन खिंडीतला टोलनाका

प्रश्न : मुलगा डेन्व्हरला असतो. मे महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा गाडीने सांता फेला जाऊन आलो. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोच्या हद्दीवर रॅटन नावाची खिंड लागली. मुलगा म्हणाला, दीडशे वर्षांपूर्वी इथे एका माणसाच्या मालकीचा टोलरस्ता होता. सरकार असताना एकट्या माणसाला घाटात टोल घ्यायचा हक्क कसा मिळाला? आणि लोक मुकाट्याने पैसे देत होते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : माझी नोकरीची सगळी वर्षं घाटरस्त्यांच्या देखभालीत गेली, त्यामुळे तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. त्या माणसाचं नाव रिचन्स वुटन. जन्म 1816 चा, व्हर्जिनियातला. तरुणपणी पश्चिमेकडे गेला, कातड्यांसाठी शिकार केली, व्यापार केला. लोक त्याला ‘अंकल डिक’ म्हणत.

हक्काचं आधी सांगतो. 1865 साली कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको ही राज्यं नव्हती, केंद्राच्या ताब्यातले प्रदेश होते. विधिमंडळं होती, पण तिजोरीत रस्त्यापुरता पैसा नव्हता. मग सनद द्यायची पद्धत पडली : रस्ता तू बांध, तू राख आणि वापरणाऱ्याकडून ठरलेला टोल घे. वुटनचा रस्ता हद्दीच्या दोन्ही बाजूंना उतरणार होता, म्हणून त्याने दोन्हीकडून सनदा मिळवल्या. लांबी सुमारे 27 मैल.

रस्ता होण्याआधी ही खिंड कशी होती, हे कळल्याशिवाय टोलाचा अर्थ लागत नाही. सांता फेला जाणाऱ्या व्यापारी तांड्यांना दोन वाटा होत्या. एक सिमरॉनची, जवळची, पण पाण्यावाचून जीव घेणारी. दुसरी ही डोंगरातली. तिथे पाणी होतं, पण गाडी चढत नव्हती. 1846 मध्ये सुझन मॅगॉफिन नावाची एकोणीस वर्षांची मुलगी नवऱ्याच्या तांड्याबरोबर इथून गेली. तिची रोजनिशी आहे. चाकं जखडून टाकलेली एकेक गाडी उतरवायला डझनभर माणसं लागत आणि एका दिवशी तर अंधार पडेपर्यंत जेमतेम सहा-आठशे यार्ड वाट सरली, असं तिने लिहिलंय. ते वाचलं तेव्हा मला पावसाळ्यात दरडीपुढे अडकलेल्या ट्रकच्या रांगा आठवल्या. फरक इतकाच, की त्या बिचाऱ्यांना कुणी बुलडोझर घेऊन येणार नव्हतं.

वुटनने तिथे डोंगरउतार कापले, खडकाला सुरुंग लावले आणि ओढ्यावर पुलांमागून पूल घातले. पूल किती, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माझी नजर तिथेच जाते. ओढ्याला धरून चढणाऱ्या वाटेला तोच ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो आणि दर पुराला एखादा पूल मागतो. रस्ता बांधणं एकदाच असतं, राखणं दर हंगामाला. टोल खरा त्यासाठी.

एका गाडीला दीड डॉलर, घोडेस्वाराला 25 सेंट, गुरांना दर डोई वेगळा टोल. मुकाट्याने सगळे देत नव्हते. टपालगाडीच्या कंपन्या आणि सैन्य यांची अडचण नव्हती. आसपासचे न्यू मेक्सिकोतले लोक मात्र चक्रावले. बापजाद्यांपासून ज्या खिंडीतून गेलो तिथे आता पैसे का, हा त्यांचा सवाल होता आणि मला तो रास्तच वाटतो. वुटन कधी समजूत घाली, कधी हात उगारी. घोडेचोरांच्या पाठलागावर निघालेल्यांना नाका मोफत होता. युटांसारख्या तिथल्या मूळ रहिवाशांकडूनही तो काही घेत नसे. ते आले की फाटक उघडलं जाई. भांडण ओढवून घेण्यापेक्षा हे बरं, असा त्यात व्यवहार होताच. पण त्यांच्याच पायवाटेवर रस्ता बांधून त्यांच्याकडे पैसे कोणत्या तोंडाने मागायचे, हाही प्रश्न आहेच, आणि मला तोच मोठा वाटतो.

नाका चालतो तो डोंगराच्या जिवावर. आपल्या नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आठवा. तोही कसा अरुंद नळीच्या तोंडाशी आहे, जिथून बगल देता येत नाही. वुटनला बगल देणारा एक जण निघालाच : टेक्सासचा चार्ल्स गुडनाइट. हजारो गुरांचा टोल त्याला परवडेना. त्याने पूर्वेला ट्रिंचेरा खिंड शोधली आणि आपले कळप तिकडून वळवले.

बाकीचं काम रेल्वेने केलं. 1878 च्या फेब्रुवारीत दोन रेल्वे कंपन्यांना ही खिंड हवी होती आणि दुसऱ्या रुळाला जागा नव्हती. सांता फे कंपनीचे लोक रात्रीच वुटनच्या घरी पोचले. त्याने होकार दिला, घरात असलेली माणसं जमवली आणि कंदिलाच्या उजेडात फावडी चालू झाली. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीची माणसं पोचली तेव्हा जागा गेलेली होती. मोबदल्यात वुटनने रोख रकमेऐवजी कुटुंबाला जन्मभर वाणसामान मागितलं, असं तिकडे सांगतात. बोगदा होईपर्यंत गाड्या मागेपुढे करत डोंगर चढत, आपल्या बोरघाटात 1929 पर्यंत रिव्हर्सिंग स्टेशनवर होत असे तसंच. त्या चढासाठी आणलेल्या दणकट इंजिनाचं नावही ‘अंकल डिक’.

पुढच्या खेपेला मुलाला गाडी जरा हळू चालवायला सांगा. कोलोरॅडोच्या बाजूने खिंड चढताना महामार्गाजवळून रेल्वेचा रूळ जातो. वुटनचं घर आणि नाका याच उतारावर होता.