वाचकांचे प्रश्न : मॉरिशसचे पोट कशावर भरते?

प्रश्न : आमच्या भागात साखर कारखान्याच्या जिवावर गावेच्या गावे चालतात. मॉरिशसही साखरेवरच उभा राहिला, असे ऐकतो. मग तेथील दरडोई उत्पन्न आपल्या चौपटीहून अधिक कसे? आणि भारतात येणाऱ्या परकी गुंतवणुकीत या बेटाचे नाव इतके वर का असते?
– एक वाचक, कराड

उत्तर : जेमतेम २,०४० चौरस किलोमीटरचा आणि साडेबारा लाख वस्तीचा हा देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या निर्यातीतील नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न साखरेचे होते. उसाच्या रानात काळ्या ज्वालामुखी दगडांचे मोठमोठे ढीग आजही दिसतात. १८३४ पासून करारावर आलेल्या भारतीय मजुरांनी, ज्यांत रत्नागिरी परिसरातील मराठी माणसेही होती, हातांनी दगड वेचून ही जमीन लागवडीखाली आणली.

वाढती लोकसंख्या आणि एकच पीक पाहून अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये या देशाचे भवितव्य बिकट असल्याचा इशारा दिला होता. तो इशारा चुकीचा होता असे मला वाटत नाही. मधल्या काळात हाती आलेल्या पैशाचे मॉरिशसने काय केले, हे त्याहून महत्त्वाचे आहे. १९७५ च्या लोमे करारानुसार युरोपीय समुदाय दरवर्षी सुमारे ५ लाख टन साखर हमीभावाने घेऊ लागला आणि हा भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजारापेक्षा पुष्कळ चढा असे. सरकारने निर्यातीवर कर बसवून त्यातील वाटा घेतला, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केले, तर मळेवाल्यांचा नफा भांडवल बाहेर नेण्यावरील निर्बंधांमुळे बराचसा देशातच राहिला आणि हॉटेलांत व कापड कारखान्यांत गुंतला. १९७० च्या कायद्याने निर्यातक्षम कारखान्यांना करसवलती मिळालेल्याच होत्या. तेथे हजारो स्त्रिया प्रथमच पगारी कामाला लागल्या.

त्यामुळे २००५ मध्ये कापड व्यापारातील कोटा पद्धत संपली आणि पाठोपाठ युरोपने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, तेव्हा धक्का मोठा बसला तरी देश कोलमडला नाही. आता साखर कारखाने तीनच उरले आहेत. त्यांचा गळीत हंगाम साधारण जूनमध्ये, म्हणजे आपले कारखाने बंद असताना, सुरू होतो आणि उसाच्या चिपाडांपासून तयार झालेली वीज सार्वजनिक जाळ्यात जाते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९८२ च्या भारत-मॉरिशस कर करारात आहे. भारतीय शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावण्याचा अधिकार त्यात मॉरिशसकडे होता आणि तेथे असा करच नव्हता. म्हणून इतर देशांतील गुंतवणूकदारही तेथे कंपनी नोंदवून भारतात येत. हा पैसा मूळचा बेटाचा नव्हता, तरी हिशेब, कायदा आणि बँकिंग यांतील नोकऱ्या तेथे निर्माण झाल्या. २०१६ मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरील नफ्यावर भारत कर आकारू लागला.

दरडोई आकडा मात्र या देशाचा नाजूकपणा झाकतो. तांदूळ, गहू, इंधन, सारेच जहाजाने येते. २०२० मध्ये साथीमुळे पर्यटकांची विमाने थांबली आणि अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे १५ टक्क्यांनी आकसली. ऊस मोडलेल्या काही जमिनींवर आता परदेशी खरेदीदारांसाठी बंगले उभे राहत आहेत. त्यातून परकी चलन मिळते, पण बाहेरच्या ग्राहकावरचे अवलंबन त्याने कमी होत नाही, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते.