सिंथ घ्या, पण तक्त्यातली ती एक ओळ आधी खोडा

नमस्कार,

तुमचं पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही निवांत वाचलं. तुमची बाजू मला समजली ती अशी. लहानपणी चार वर्षं कीबोर्ड शिकलात, पुढे सुटला. आता घरी लॅपटॉपवर स्वतःचं संगीत करायचंय. मनात भरलाय तो ६१ पट्ट्यांचा एक सिंथेसायझर, म्हणजेच सिंथ, आणि सगळा खर्च भागून महिन्याला तुमच्या हातात जे उरतं त्याच्या चौपट त्याची किंमत आहे. विक्रेता १२ 'बिनव्याजी' हप्ते देतोय. कार्डावर दोन महिन्यांच्या शिलकीएवढी थकबाकी आहे, ती तुम्ही दर महिन्याला किमान रक्कम भरून पुढे ढकलताय. अडीअडचणीसाठी ठेवलेला पैसा जेमतेम दोन महिने पुरेल. आणि प्रश्न एकच: घेऊ का?

घ्या. फक्त लगेच नको, हा नको, आणि हप्त्यांवर तर अजिबातच नको.

तुमच्या तक्त्यात सातव्या महिन्यापासून एक ओळ सुरू होते, 'पार्श्वसंगीताची कामं'. त्या ओळीच्या जोरावर सिंथ दीड वर्षात वसूल होतो. सहा महिन्यांत हात बसेल असं तुम्ही धरलंय, ते ठीक. पण काम देणार कोण, हे तक्त्यात कुठेच नाही. अशीच ओळ मी कॅमेऱ्याच्या तक्त्यात पाहिलीय, शिलाई मशीनच्याही पाहिलीय. नुसत्या हौसेवर पैसे घालवायला मन कचरतं, म्हणून आपण हौसेला धंद्याचे कपडे चढवतो. ते कपडे महाग पडतात. 'व्यावसायिक काम' म्हटलं की ३७ पट्ट्या कमी वाटू लागतात, वरचं मॉडेल गरजेचं वाटतं, आणि दीड महिन्याच्या शिलकीत भागणारी गोष्ट चार महिन्यांवर जाते. ती ओळ खोडून तक्ता पुन्हा बघा. उरतो तो साधा प्रश्न: या आनंदासाठी मी किती खर्च करू शकतो? याला उत्तर देता येतं, आणि लाजायचं त्यात काही नाही.

आता कर्जाचं. कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज लागत असेल तर वर्षाला ते ३६ होत नाही, चक्रवाढीने ४२ च्या पुढे जातं. आपल्याकडची कुठलीही सुरक्षित गुंतवणूक एवढा परतावा देत नाही. म्हणजे थकबाकी फेडणं हीच तुमची सध्याची सर्वांत फायद्याची गुंतवणूक. 'बिनव्याजी' हप्त्यांबद्दल विक्रेत्याला एकच विचारा: रोख दिले तर किती कमी कराल? समजा ८ टक्के सूट मिळाली. मग ९२ ची वस्तू तुम्ही हप्त्यांनी १०० ला घेताय, आणि मुद्दल दर महिन्याला कमी होत जात असल्याने ते व्याज वर्षाला साधारण १६ टक्के पडतं. प्रक्रिया शुल्क असलं तर आणखी वर.

वस्तूकडेही हिशेबाच्याच नजरेने बघू, कारण घोटाळा बहुतेकदा इथे होतो. कीबोर्ड म्हणून तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. अरेंजर कीबोर्डमध्ये स्पीकर असतो, तयार ताल असतात, वाजवून मोकळं व्हायचं. सिंथमध्ये आवाज स्वतः घडवता येतो, पण स्पीकर बहुधा नसतो. मिडी कंट्रोलरला स्वतःचा आवाजच नाही. तो फक्त कुठली पट्टी किती जोरात दाबली हे लॅपटॉपला कळवतो, आणि त्या निरोपांची ठरलेली भाषा म्हणजे मिडी. त्यातही सिंथ एका वेळी किती सूर वाजवतो ते पाहा. १९७० चा प्रसिद्ध मिनीमूग एका वेळी एकच सूर वाजवायचा, आणि आजचे बरेच स्वस्त सिंथही तसेच आहेत. चार सुरांचा असेल तर पाचवी पट्टी दाबताच आधीचा एखादा सूर गळतो. तुम्हाला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, धरून चाली बांधायच्या आहेत, तेव्हा हे आधीच कळलेलं बरं.

तुमच्या तक्त्यात सिंथची किंमत आहे, पुढचं काही नाही. हेडफोन, पेडल, स्टँड, केबल. आणि मोठी मेख यूएसबीत आहे. स्वस्त सिंथची यूएसबी बऱ्याचदा फक्त मिडी नेते, आवाज नेत नाही. तो लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करायचा तर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी छोटी पेटी, वेगळा घ्यावा लागतो. माहितीपत्रकात 'यूएसबी मिडी' लिहिलंय की 'यूएसबी ऑडिओ'ही, ते शोधा. या एका शब्दावर एक अख्खी खरेदी वाचते.

माझंही एक सांगून टाकते. मी एकदा ८८ पट्ट्यांचा भलामोठा डिजिटल पियानो घेतला होता. तो टेबलावर मावेना, म्हणून कपाटामागे उभा राहिला. वाजवायचा तर ओढून काढा, स्टँड उघडा, वायरी जोडा. दहा मिनिटं त्यातच जायची, आणि कामावरून आल्यावर तेवढा धीर कोणाला असतो? शेवटी निम्म्या किमतीत गेला. तेव्हापासून मी वाद्य घेणाऱ्याला टेबलाची लांबी आधी मोजायला सांगते. कायम जोडून ठेवता येईल तेवढंच वाद्य घ्या.

तुमच्यासाठी क्रम असा ठरवते. पहिले दोन-अडीच महिने सगळी शिलक कार्डावर. या काळात संगीत थांबवायची गरज नाही. व्हायटल, सर्ज एक्सटी, डेक्स्ड हे लॅपटॉपवरच चालणारे सॉफ्टवेअर सिंथ फुकट मिळतात. डेक्स्ड तर १९८३ च्या यामाहा डीएक्स७ च्या आवाजाची नक्कल करतो. नंतर २५ किंवा ३७ पट्ट्यांचा एखादा मिडी कंट्रोलर, अर्ध्या महिन्याच्या शिलकीत बसेल एवढाच. पुढे दर महिन्याच्या शिलकीतले तीन हिस्से अडीअडचणीच्या निधीत टाका आणि चौथा हिस्सा 'सिंथ' नावाच्या वेगळ्या खात्यात. सहा महिन्यांत तिथे दीड महिन्याची शिलक साठते, आणि तुमची मर्यादा तेवढीच. मधल्या काळात तीन-तीन मिनिटांच्या चार रचना पूर्ण करा. चांगल्या झाल्या पाहिजेत असं नाही, पूर्ण झाल्या पाहिजेत. चार झाल्या नाहीत तर त्या खात्यातले पैसे निधीत जमा करा आणि कंट्रोलरवर मजेत वाजवत राहा.

झाल्या, तर वापरलेला सिंथ शोधा. मिडी १९८३ पासून चालत आलंय आणि जुनी वाद्यं नव्याशी अजून बोलतात, त्यामुळे नावाजलेल्या मॉडेलला गिऱ्हाईक मिळत राहतं. नव्याचे १०० दिले आणि वर्षाने ६५ आले तर हौस ३५ ला पडली. वापरलेला १०० ला घेऊन ८५ ला गेला तर १५ ला. आकडे उदाहरणाचे आहेत, पण नव्याची घसरण पहिल्या वर्षात जास्त असते हे खरं.

बघायला जाल तेव्हा स्वतःचे हेडफोन न्या. प्रत्येक पट्टी आधी अगदी हळू, मग जोरात दाबा. पट्टीखाली रबराचे दोन संपर्कबिंदू असतात आणि त्यांच्यातल्या वेळेवरून जोर मोजला जातो. ते झिजले की सूर एकतर येतच नाही किंवा एकदम दणकन येतो. नॉब फिरवताना खरखर ऐकू येते का बघा. १९८० च्या दशकातला सिंथ असेल तर आतली बॅटरी कधी बदलली ते विचारा, कारण साठवलेले आवाज तिच्या भरवशावर असतात. अडॅप्टर मूळचाच हवा: काहींच्या प्लगचं मधलं टोक धन असतं, काहींचं ऋण, आणि चुकीचा लावला तर सिंथ जळू शकतो. खोका देत असतील तर माळ्यावर जागा करून ठेवा, विकायची वेळ आली तर खोक्यासकट वस्तू लवकर जाते.