मावशींचा खोकला

प्रश्न : ताई, आम्ही दीड वर्षापूर्वी चेंबूरला फ्लॅट घेतला. गॅलरीतून ट्रॉम्बेची टेकडी दिसते, आणि टेकडीपलीकडे बार्क, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र. मुलगी चौदा महिन्यांची आहे. ती झाल्यापासून मला झोप नाही. रेडिएशन मोजायचं मशीन मागवलं. आकडा रोज जवळपास सारखाच येतो, तरी चैन पडत नाही. आयोडीनच्या गोळ्याही आणून ठेवल्यात. बाळाच्या बाबतीत मी कुठलाच धोका पत्करत नाही. कामाच्या मावशी माहुलहून येतात, दिवाळीपासून खोकतायत, म्हणून त्यांना बाळाजवळ येऊ देत नाही, मास्कही दिलाय. नवरा म्हणतो, वेडी आहेस. फ्लॅट विकून पुण्याला जावं का?
– एक आई, चेंबूर

उत्तर : तुझं पत्र चार पानांचं आहे. मावशींना त्यात एकच वाक्य मिळालंय आणि मी त्याच वाक्याशी थांबले. दिवाळीपासून म्हणजे आता चार महिने होत आले. चार महिने एक बाई तुझ्या घरात रोज खोकतेय आणि तू अकरा हजारांचं मशीन मागवलंस, पण तिला डॉक्टरकडे नेलं नाहीस. मला तुझा राग आलाय, तो लपवत नाही.

आधी बार्कचं सांगते, कारण त्या भीतीने तुझी झोप उडवली आहे. तिथे वीज बनत नाही. अणुभट्ट्या आहेत त्या संशोधनासाठी आणि औषधोपचारात, उद्योगात लागणारी समस्थानिकं (मूलद्रव्यांची किरणोत्सारी रूपं) तयार करण्यासाठी. 1960 ची सायरस ही भट्टी 2010 च्या अखेरीस कायमची बंद झाली. ध्रुव 1985 पासून आहे, तिची औष्णिक क्षमता, म्हणजे उष्णता निर्माण करायची ताकद, 100 मेगावॉट. जपानमध्ये 2011 साली अपघात झाला त्या फुकुशिमातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भट्टीची प्रत्येकी सुमारे 2,400 मेगावॉट होती. तरी एवढ्यावरून ट्रॉम्बेत धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा कारखानाही त्याच आवारात आहे. पण फुकुशिमाची चित्रं बघून रात्री जागण्यासारखी ती जागा नाही. तुझ्या मशीनवर रोज दिसतं ते मुख्यतः माती, दगड आणि आकाशातून येणारं नैसर्गिक प्रारण, म्हणजे रेडिएशन. श्वासातून आणि अन्नातून येणारं धरून जगात माणसाच्या वाट्याला नैसर्गिक प्रारण वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (प्रारणाची मात्रा मोजायचं एकक) येतं. अणुकेंद्रांमुळे सामान्य माणसाला त्यावर वर्षाला 1 मिलिसिव्हर्टहून जास्त मिळू नये, असा आपल्याकडे नियम आहे. पुण्याला गेलीस तरी मशीन शून्य दाखवणार नाही.

गोळ्या बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेव आणि प्रशासनाने सांगितल्याशिवाय कुणालाही देऊ नकोस. त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवतात. तान्ह्या मुलांत चुकीच्या मात्रेने त्याच थायरॉइडला त्रास होतो.

एक गोष्ट मात्र मलाही खटकते. 2000 साली बार्क अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीतून बाहेर काढलं गेलं आणि तिथली सुरक्षा बार्कचीच अंतर्गत परिषद पाहू लागली. ज्याचं काम त्यानेच तपासायचं, हे मला मान्य नाही. तुला बोलायचं असेल तर हे तुझ्या खासदाराशी बोल. नवऱ्याशी रोज रात्री भांडून त्यातलं काही बदलणार नाही.

आता माहुल. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्या, तेव्हा तिथल्या हजारो माणसांना माहुलच्या इमारतींत पाठवलं गेलं. आजूबाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या. केईएम रुग्णालयाने माहुल-आंबापाडा भागात पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी धाप लागते असं सांगितलं. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की तिथे जायची कुणावर सक्ती करता येणार नाही, आणि ज्यांना जायचं नाही त्यांना घरभाडं द्या. तुझ्या मावशी अजून तिथेच राहतात. टेकडीपलीकडे काय घडू शकेल याचा तू रात्रभर विचार करतेस. त्यांच्या छातीत ते चार महिन्यांपासून घडतंय.

आणि हा खोकला टीबीचाही असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे तपासणी, हा नियम सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला असतो. तुझ्या बाळाला खरोखर कशापासून जपायचं असेल तर ते यापासून. मास्क देऊन आणि आतल्या खोलीचं दार लावून ते होत नाही.

म्हणून उद्या सकाळी मावशी आल्या की त्यांना लगेच भांडी घासायला लावू नकोस. त्यांना बसव, चहा दे आणि किती दिवस झाले, रात्री घाम येतो का, वजन उतरलंय का, थुंकीत रक्त दिसलं का, हे नीट विचार. मग पालिकेच्या दवाखान्यात त्यांच्यासोबत जा. चिठ्ठी देऊन एकटीला पाठवू नकोस. एकटीला ताटकळत ठेवतात, दिवस बुडतो, दुसऱ्या घरचं काम जातं, आणि मग बाई परत फिरकत नाही. थुंकीची तपासणी आणि एक्स-रे दोन्ही होऊ दे. त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. रिपोर्ट काहीही आला तरी काम काढून घ्यायचं नाही, हे तिथे जायच्या आधीच त्यांना स्पष्ट सांग, नाहीतर त्या अर्धं लपवतील.

टीबी निघाला तर औषधं सरकारकडून फुकट मिळतात, साधारण सहा महिने चालतात. नीट सुरू केली की बहुतेकांचा संसर्ग काही आठवड्यांत थांबतो. तेवढे दिवस त्यांना पगारी सुट्टी दे. बाळालाही डॉक्टरांना दाखव, पाच वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधक औषध देतात. टीबी नसला तर दमा असेल, धुरामुळे फुफ्फुसं आखडली असतील. त्यालाही इनहेलर आहे, उपचार आहेत. ते पैसे तू दे. मशीनला दिलेस, तसेच.

फ्लॅटचा विषय तोपर्यंत काढू नकोस.

जाताना मावशींना आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घ्यायला सांग. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी महिन्याला मिळणारे 1,000 रुपये थेट खात्यातच जमा होतात.